बाळाच्या पहिल्या महिन्याची राखणदार

गडचिरोली जिल्ह्यातल्या ३९ गावांमध्ये १९९५-९६ या एका वर्षात ७६३ नवजात बाळांना जन्मापासून २८ दिवस घरी जाऊन तपासलं गेलं. त्यांतल्या निम्म्याहून अधिक बाळांना या महिनाभरात कधी ना कधी उपचारांची गरज पडली होती. डॉक्टरांची नजर मात्र शंभरातल्या जेमतेम तीन बाळांवर पडली, आणि दवाखान्यात दाखल झालेल्यांचं प्रमाण शंभरात एकही भरत नव्हतं. बाकीची बाळं आजारी पडत होती, बरी होत होती किंवा दगावत होती, आणि हे सगळं घराच्या चार भिंतींच्या आत घडत होतं.

बाळबाळंतिणीनं घराबाहेर पडायचं नाही, ही रीत. पावसाळ्यात नाले भरले की रस्ता बंद. हातात पैसा नाही. त्यातून नवजात बाळाचं आजारपण चटकन ओळखू येत नाही. ते फक्त दूध ओढायचं थांबतं, गार पडतं, अंग सैल सोडतं. घरच्यांच्या लक्षात येईपर्यंत वेळ निघून गेलेली असते. पहिल्या वर्षात दगावणाऱ्या मुलांपैकी बहुतेक या पहिल्या महिन्यातच का जातात, याचं उत्तर इथे आहे.

ही तपासणी करणारी ‘सर्च’ ही संस्था डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली गडचिरोलीत सुरू केली. दोघेही नागपूरला शिकलेले डॉक्टर. पुढे अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास करून ते परतले होते. त्यांनी आधी बालमृत्यूंची कारणं शोधली. न्यूमोनिया हे त्यांतलं एक मोठं कारण निघालं. गावातल्याच माणसांना तो ओळखायला आणि औषध द्यायला शिकवलं, तर न्यूमोनियाचे मृत्यू निम्म्याहून खाली येतात, हे त्यांच्या प्रयोगानं १९९० साली जगासमोर मांडलं.

त्या कामासाठी तयार झालेलं एक साधन आवर्जून सांगण्यासारखं आहे. न्यूमोनिया ओळखायचा तर मिनिटाचे श्वास मोजायला हवेत, आणि हे शिकणाऱ्या गावातल्या अनेक दाया निरक्षर होत्या. दहापर्यंत मोजणं मात्र त्यांना जमत होतं. म्हणून मणी ओवलेली एक छोटी पाटी आणि मिनिटाचं वाळूचं घड्याळ बनवलं. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मण्यापर्यंत पोचलात, तर बाळाचा श्वास जलद आहे, औषध सुरू करा. तान्ह्या बाळांसाठी एक ओळ, मोठ्यांसाठी दुसरी. मोजणारीच्या शिक्षणावर काहीही अडून राहत नाही, ही या पाटीची ताकद.

नवजात बाळांसाठी याच वाटेनं पुढचं पाऊल पडलं. गावातलीच, पाचवी ते दहावीपर्यंत शिकलेली एक बाई निवडायची आणि तिला कसून प्रशिक्षण द्यायचं. तिचं नाव आरोग्यदूत. गरोदरपणातच ती घरी जाऊ लागते. गरोदर बाईनं कमी खावं म्हणजे बाळ लहान राहतं आणि बाळंतपण सोपं जातं, असे समज घराघरांत असतात. सासू आणि सून दोघींशी बसून त्यावर बोलायचं काम तिचं. बाळंतपणाच्या वेळी ती हजर राहते. दाई आईकडे बघते, आरोग्यदूत बाळाकडे. बाळ रडलं नाही, श्वास घेतला नाही, तर पिशवी आणि मास्क वापरून ती त्याच्या फुफ्फुसांत हवा भरते. मग बाळाला पुसून गुंडाळणं, लगेच छातीशी लावून पहिलं चिकाचं दूध पाजायला लावणं, वजन करणं. पुढचा महिनाभर ठरलेल्या दिवशी ती पुन्हा पुन्हा येत राहते.

प्रत्येक भेटीत ती नेमक्या खुणा शोधते. रडणं क्षीण झालं आहे का? दूध ओढणं मंदावलं आहे का? हातपाय लुळे पडलेत का? पोट फुगलं आहे का? अंग गार किंवा तापलेलं आहे का? श्वास मिनिटाला साठच्या वर गेला आहे का? बेंबीत पू आहे का? अशा ठरावीक खुणांपैकी दोन एकदम दिसल्या, तर जंतुसंसर्ग समजायचा. तेव्हा दवाखान्यात नेण्याचा सल्ला ती देते. नेणं शक्य नसेल, तर आईवडिलांच्या संमतीनं घरीच जेंटामायसिनचं इंजेक्शन आणि तोंडानं घ्यायचं औषध सुरू करते.

खेड्यातल्या बाईच्या हाती इंजेक्शन द्यावं का, हा प्रश्न योग्यच होता. त्याचं उत्तर आकड्यांनी दिलं. १९९३ ते १९९५ या काळात या ३९ गावांत हजार जन्मांमागे ६२ नवजात बाळं दगावत होती. सेवा सुरू झाल्यावर तिसऱ्या वर्षी हे प्रमाण पंचविसाच्या आसपास आलं. तुलनेसाठी निवडलेल्या ४७ गावांत ते साठाच्या घरातच राहिलं. जंतुसंसर्ग झालेल्या बाळांपैकी पूर्वी शंभरात सोळा-सतरा दगावत, आता तीनहून कमी. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकानं १९९९ साली हा अभ्यास छापला. पुढे ‘अंकुर’ प्रकल्पात महाराष्ट्रातल्या सात ठिकाणी, इतर संस्थांच्या हातूनही ही पद्धत खरी उतरली.

२००९ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी नवजात बाळांसाठी घरभेटींची शिफारस केली. भारत सरकारनं २०११ साली ‘गृहाधारित नवजात बालक काळजी’ कार्यक्रम आणला. आज देशभरातल्या आशाताई, म्हणजे सरकारी योजनेतल्या स्थानिक आरोग्य कार्यकर्त्या, दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी भेट देतात. बाळ घरी जन्मलं, तर पहिल्या दिवशीची भेट वाढते. कार्यक्रम सुरू झाला तेव्हा या भेटींचा मोबदला बाळामागे २५० रुपये ठरला. इंजेक्शन मात्र आशाताईंच्या हाती दिलं गेलं नाही. ते काम परिचारिकेकडे राहिलं.

२०२० च्या नोंदीनुसार भारतात हजार जन्मांमागे २० नवजात बाळं दगावत होती, महाराष्ट्रात ११. यात बाळंतपणं दवाखान्यात होऊ लागल्याचा, रस्त्यांचा, लसीकरणाचा वाटा आहेच. तरी दवाखान्यातून दोन-तीन दिवसांत घरी आलेल्या बाळाकडे उरलेले दिवस कोण बघणार, हा प्रश्न गडचिरोलीइतकाच पुण्यामुंबईच्या वस्त्यांनाही लागू आहे.

गडचिरोलीनं दिलेला धडा स्पष्ट आहे. औषध स्वस्त होतं आणि ज्ञान उपलब्ध होतं. कमी होती ती गावातल्या बाईवर विश्वास टाकण्याची, तिला नीट शिकवण्याची आणि तिच्या पाठीशी उभं राहण्याची. भेटीची नुसती रजिस्टरात खूण करून बाळ वाचत नाही. कपडे काढून बाळ पाहिलं, मिनिटभर श्वास मोजला, तरच वाचतं. म्हणून आशाताईंच्या पिशवीत चालू थर्मामीटर आणि वजनकाटा असावा, त्यांचं मानधन वेळेवर आणि पुरेसं मिळावं, हा आग्रह आपण धरायला हवा. ग्रामसभेत, वॉर्डात, आमदारांपुढे तो मांडा. आणि तुमच्या घरी बाळ असेल, तर आशाताईंना दारातून परत पाठवू नका. आत बोलवा, बाळ त्यांच्या हाती द्या आणि श्वास मोजायला सांगा.