जुनी उघडी गाडी घ्यायचीय? आधी पत्रा बघा, मग कागद, आणि रंग सगळ्यात शेवटी

लाल रंगाची उघडी गाडी, मरिन ड्राइव्हचा वळसा, मागे एखादं जुनं हिंदी गाणं. असं एक तरी रील तुमच्या फोनवर येऊन गेलं असेल. खाली कमेंटमध्ये कुणीतरी विचारतंच, 'भाऊ, कितीला पडली?'

प्रश्न चुकीचा नाही, अपुरा आहे. पन्नास वर्षांपूर्वीची उघडी गाडी विकत घेणं हा त्यातला सोपा भाग. ती रविवारी सकाळी एका चावीत सुरू व्हावी, घाटात तापू नये आणि गरजेच्या वेळी थांबावी, हे जमवणं अवघड आहे. आणि ती रस्त्यावर आणायची परवानगी तुम्हाला आहे का, हा प्रश्न तर बहुतेकांना पैसे दिल्यावरच सुचतो.

हे सगळं एका गाडीच्या उदाहरणाने समजून घेऊ. ती गाडी म्हणजे स्टँडर्ड हेराल्ड.

हेराल्डच का?

ब्रिटनमध्ये ट्रायम्फ हेराल्ड १९५९ साली आली. डिझाइन इटलीच्या जोव्हानी मिकेलोत्तीचं. १९६१ पासून मद्रासची स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स ही कंपनी तीच गाडी 'स्टँडर्ड हेराल्ड' नावाने भारतात बनवू लागली. इंजिन ९४८ सीसीचं. बोनेट पुढच्या बाजूला, मडगार्डसकट उघडतं, त्यामुळे मिस्त्रीला चाकावर बसून काम करता येतं. गाडी वळते सुमारे २५ फुटांच्या वर्तुळात, म्हणजे आजच्या बऱ्याच छोट्या गाड्यांपेक्षा कमी जागेत.

पण आपल्या कामाची गोष्ट वेगळीच आहे. हेराल्डची चॅसिस स्वतंत्र आहे आणि बॉडीचे भाग तिच्यावर बोल्टने बसवलेले आहेत. छतसुद्धा. म्हणूनच ब्रिटनमध्ये कंपनीला याच गाडीची कन्व्हर्टिबल काढणं सोपं गेलं. आपल्याकडे दिसणाऱ्या अनेक उघड्या हेराल्ड मात्र जन्माने सलून आहेत. त्यांचं छत नंतर कुणीतरी काढलंय.

छत काढलं तर बिघडतं काय?

ते गाडीच्या सांगाड्यावर अवलंबून आहे. हेराल्डमध्ये वजन आणि पीळ बऱ्यापैकी चॅसिस पेलते. फियाट ११०० किंवा प्रीमियर पद्मिनीचं तसं नाही. तिथे वेगळी चॅसिसच नाही, बॉडी हाच सांगाडा. अशा गाडीचं छत कापणं म्हणजे पुठ्ठ्याच्या खोक्याचं झाकण फाडून काढणं. खोकं दिसतं तसंच, पण दोन्ही टोकं धरून पिळलं की वाकतं.

ओळखायचं कसं? दार उघडंच ठेवा आणि गाडी एका बाजूने जॅकवर उचला. आता दार लावून बघा. ते अडकलं किंवा दाराची फट वर-खाली वेगळी झाली, तर मधला भाग वाकतोय. अशी गाडी फोटोपुरती ठीक, रस्त्यासाठी नाही.

सोबत एक छोटं लोहचुंबक न्या. मडगार्डच्या कडा, दाराखालची पट्टी, डिकीचा तळ इथे ते लावून बघा. जिथे चिकटत नाही, तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे. मग गाडी लिफ्टवर चढवायला सांगा. हेराल्डच्या चॅसिसला बाहेरच्या बाजूने आडवे हात आहेत, गंज तिथे आधी लागतो. कोकणात किंवा समुद्राजवळ राहिलेल्या गाडीत तर हमखास बघा. वरचा रंग कितीही चकचकीत असो, खालून न दाखवणाऱ्याकडून गाडी घेऊ नका.

कागदात नेमकं काय बघायचं?

पहिली गोष्ट, आरसीवरचा बॉडीचा प्रकार. तिथे सलून लिहिलंय आणि समोर उघडी गाडी उभी आहे, तर तो बदल नोंदवलेला नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका स्पष्ट केली. अपघात झाला तर विमा कंपनी पहिलं बोट इथेच ठेवू शकते. दुखापत झालेल्या माणसाच्या भरपाईचा प्रश्न त्यामुळे थेट तुमच्या दारात येऊ शकतो.

दुसरी, चॅसिस नंबर आणि इंजिन नंबर. आरसीवरचे आकडे गाडीवर स्वतःच्या डोळ्यांनी जुळवा. इतक्या वर्षांत इंजिन बदललेलं असू शकतं, पण त्याची नोंद हवी.

तिसरी, मालक कोण? जुन्या गाड्या बऱ्याचदा आजोबांच्या नावावर असतात आणि विकणारा असतो नातू. मालक हयात नसेल तर आधी फॉर्म ३१ भरून वारसाच्या नावावर गाडी व्हायला हवी, मग फॉर्म २९ आणि ३० वर ती तुमच्या नावावर येईल. 'कागद नंतर करून देतो' हे वाक्य ऐकलं की चहा प्या आणि निघा. गाडी परराज्यातली असेल तर फॉर्म २८ ची एनओसी लागेल.

'व्हिंटेज' नोंदणी केली की मोकळं?

उलट आहे. सगळ्यात मोठा गैरसमज इथेच होतो.

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांसाठी वेगळे नियम आणले. वय ५० वर्षांपेक्षा जास्त, वापर खासगी, आणि गाडी मूळ रूपात, म्हणजे चॅसिस, बॉडी, इंजिनमध्ये मोठा फेरफार नसलेली. नव्याने नोंदणी केली तर नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' ही अक्षरं येतात. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. नियमांत नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये ठरली, मुदत १० वर्षं, आणि पुनर्नोंदणी ५,००० रुपयांत.

पण व्हिंटेज म्हणून नोंदलेली गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. रॅली, प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती आणि त्यासाठीचं जाणं-येणं, एवढीच मुभा आहे. दर रविवारी लोणावळ्याला जायचं स्वप्न त्यात बसत नाही.

त्यामुळे गाडी चालवायलाच घ्यायची असेल, तर साधी नोंदणी चालू असलेली, वेळोवेळी नूतनीकरण झालेली गाडी शोधा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नवी करावी लागते. महाराष्ट्रात १५ वर्षांपुढच्या गाड्यांना पर्यावरण करही आहे. पीयूसी आणि थर्ड पार्टी विमा यातून सुटका नाही. व्यवहाराआधी आरटीओत जाऊन नोंदणी कुठल्या प्रकारात आहे ते विचारा. एक फेरी होईल, पण नंतरच्या दहा वाचतील.

गाडी घरी आली. आता आधी काय?

रंग आणि सीट कव्हर नाही. क्रम असा ठेवा: थांबणं, वळणं, थंड राहणं, सुरू होणं. दिसणं त्यानंतर.

थांबणं: जुन्या हेराल्डला ड्रम ब्रेक आहेत. ते नीट असतील तर गाडीच्या वेगाला पुरतात. ब्रेकचे रबरी होज, सिलिंडरची किट आणि ऑइल बदला. होज वरून चांगले दिसतात, आतून फुगलेले असतात.

टायरच्या बाजूला चार आकडी कोड असतो. '१४१९' म्हणजे २०१९ चा चौदावा आठवडा. कोड जुना असेल तर नक्षी शाबूत असूनही टायर बदला, कारण रबर कडक झालेलं असतं.

वळणं: हेराल्डच्या पुढच्या चाकांच्या खाली, जिथे स्टीअरिंग फिरतं, तिथे पितळेचा एक तुकडा असतो, ट्रनियन. त्यात ग्रीस नाही, ईपी ९० गिअर ऑइल घालायचं असतं. ते दिलं नाही तर पाणी शिरतं, आतला आटा गंजतो, एक दिवस तुटतो आणि चाक आडवं होतं. हे काम काही मिनिटांचं आहे. दर पावसाळ्यानंतर तर करून घ्याच.

मागची चाकं वरच्या पाट्याला टांगलेली आणि स्वतंत्र आहेत. जोरात वळताना अचानक ॲक्सिलरेटर सोडला किंवा ब्रेक दाबला, तर बाहेरचं मागचं चाक आत दुमडू शकतं. मागचे शॉकअप चांगले ठेवा, हवा पुस्तकात दिलेल्या मापाने भरा आणि ब्रेक वळणाआधी मारा, वळणात नाही.

थंड राहणं: ही गाडी ब्रिटनच्या थंडीसाठी आखलेली, आपण तिला मे महिन्यात सिग्नलला उभं करतो. रेडिएटर आतून साफ करून घ्या, गरज पडली तर कोअर नवा टाका. पाण्याचे होज आणि फॅनबेल्टही बदला. त्यावरही तापली तर इलेक्ट्रिक फॅन जोडता येतो. तो उद्या काढताही येतो, ही त्यातली जमेची बाजू.

सुरू होणं: पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं की सकाळची निम्मी कटकट जाते. डिस्ट्रिब्युटरचं झाकण लावलं की बदल दिसतही नाही. जुने भाग मात्र डब्यात जपून ठेवा. बॅटरीच्या अर्थिंगच्या जागा घासून स्वच्छ करा. 'वायरिंग गेलंय' म्हणून आलेल्या गाडीत पुष्कळदा एवढंच निघतं.

आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल जुनं रबर खातं, पाणी ओढतं आणि टाकीतली घाण सोडवून कार्बोरेटरमध्ये आणतं. पेट्रोलचे सगळे पाइप इथेनॉल सोसणारे टाका, फिल्टर बसवा आणि टाकीत महिनोन्‌महिने पेट्रोल ठेवू नका. उन्हात पाझरणारा पेट्रोलचा पाइप म्हणजे आग लागण्याचा धोका.

पट्टा आणि पार्ट

या गाडीत रोलबार नाही, एअरबॅग नाही. निदान पुढच्या दोन सीटना पट्टे हवेतच. ते फ्लोअरच्या पत्र्यात नुसते बोल्ट मारून नाही, मागून जाड प्लेट देऊन बसवून घ्या. लहान मुलांना मागे उभं करून रील काढू नका.

पार्टची फार चिंता नको. ट्रायम्फची स्पिटफायर हेराल्डच्याच चॅसिसवरून बेतलेली, त्यामुळे दोघींचे बरेच पार्ट जुळतात आणि ब्रिटनमध्ये ते आजही बनतात. इथे पुण्याची नाना पेठ, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड पालथा घाला. त्याहून मोलाचा आहे जुन्या गाड्यांवर हात बसलेला मिस्त्री. तो आधी शोधा, गाडी बघायला त्यालाच सोबत न्या, आणि त्याच्या त्या दिवसाचे पैसे द्या. तो 'नको' म्हणाला, तर तो या व्यवहारातला सगळ्यात स्वस्त सल्ला ठरेल.

गाडीच्या किमतीत सगळं बजेट संपवू नका. पहिल्या वर्षाच्या कामासाठी पैसे वेगळे काढून ठेवा आणि पहिला महिना घराजवळच फिरा. गाडी काय बोलते ते तेव्हाच कळतं. मग एखाद्या नोव्हेंबरच्या पहाटे, रस्ता रिकामा असताना, छत उघडून निघा. फोन खिशात राहिला तरी चालेल.