उष्णतारोधक पटल, मोटारगाडीच्या काचांचे

मोटारगाडीच्या काचांना आतील बाजूने चिकटविण्यात येणारा व सूर्यप्रारणातील (सूर्यापासून तरंगरूपाने येणाऱ्या ऊर्जेतील) उष्णतेचा काही भाग अडविणारा प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा. व्यवहारात यास ‘सनफिल्म’ म्हणतात. गाडीतील उष्णता व डोळ्यांना त्रासदायक होणारी चकाकी कमी करणे, जंबुपार प्रारणामुळे त्वचेला पोहोचणारी इजा व आसनांचे विटणे यांना आळा घालणे आणि वातानुकूलन यंत्रणेवरील भार हलका करणे हे त्याचे प्रमुख उपयोग होत. पटल जितके काळे तितका गारवा अधिक, असा समज रूढ असला, तरी तो बरोबर नाही.

उष्णता आत येण्याची क्रिया : भूपृष्ठावर पोहोचणाऱ्या सौर ऊर्जेपैकी स्थूलमानाने निम्मी ऊर्जा अवरक्त, ४० ते ४५% दृश्य आणि ३ ते ५% जंबुपार प्रारणाच्या रूपात असते. काचेतून आत आलेले प्रारण आसने व पुढील फळी शोषून घेतात आणि तापून दीर्घ तरंगलांबीचे अवरक्त प्रारण उत्सर्जित करतात. या प्रारणास काच अपारदर्शक असल्याने उष्णता आत कोंडली जाते. उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीतील तापमान तासाभरात बाहेरच्यापेक्षा सु. २०° से.ने वाढू शकते व यातील बरीचशी वाढ पहिल्या अर्ध्या तासातच होते. अवरक्त प्रारण डोळ्यांना दिसत नाही. म्हणून ते अडविणारे पटल जवळजवळ रंगहीन असू शकते, तर केवळ दृश्य प्रकाश अडविणारे गडद पटल उष्णतेचा मोठा भाग आत येऊ देते.

रचना व प्रकार : पटलाचा मुख्य थर पॉलिएस्टर (पॉलिएथिलीन टेरेप्थॅलेट) या बहुवारिकाचा असून त्याची जाडी सामान्यतः २५ ते ५० मायक्रॉन असते. त्याच्या एका बाजूस ओरखडे न पडू देणारा कठीण लेप व दुसऱ्या बाजूस जंबुपार प्रारण शोषणारी द्रव्ये मिसळलेला पारदर्शक चिकट थर असतो. चांगल्या प्रतीचे कोणतेही पटल बहुतेक सर्व जंबुपार प्रारण अडविते.

रंजकद्रव्ययुक्त पटल सर्वांत स्वस्त असते. ते चकाकी कमी करते, परंतु उष्णता अडविण्याची त्याची क्षमता मर्यादित असते व काही वर्षांत ते जांभळट पडते. धातुलेपित पटलावर निर्वातात धातूचा अतिशय पातळ थर निक्षेपित करतात. ते प्रारणाचे परावर्तन करीत असल्याने परिणामकारक असते. तथापि धातूच्या थरामुळे रेडिओ तरंगांना अडथळा होऊन भ्रमणध्वनी, उपग्रहाधारित स्थाननिश्चिती व पथकरासाठी पुढील काचेवर लावलेली फास्टॅग पट्टी यांच्या कार्यात व्यत्यय येऊ शकतो. कार्बनचे सूक्ष्म कण असलेल्या पटलाचा रंग टिकतो. सिरॅमिक पटलात अँटिमनी-टिन ऑक्साइड, टंगस्टनाची संमिश्र ऑक्साइडे यांसारख्या संयुगांचे अतिसूक्ष्म कण असतात. ते मुख्यत्वे अवरक्त प्रारण शोषतात व दृश्य प्रकाश बराचसा जाऊ देतात. बहुस्तरी पटलात निरनिराळ्या प्रणमनांकांच्या बहुवारिकांचे शेकडो थर एकावर एक असतात. व्यतिकरणामुळे विशिष्ट तरंगलांबीचे प्रारण त्यांवरून परावर्तित होते. या दोन्ही प्रकारांत धातूचा थर नसल्याने रेडिओ तरंगांना अडथळा होत नाही. मात्र त्यांची किंमत अधिक असते.

निवडीचे निकष : पटलाच्या माहितीपत्रकातील दृश्य प्रकाशाचे पारगमन, अवरक्त प्रारण अडविण्याचे प्रमाण आणि एकूण सौर ऊर्जा अडविण्याचे प्रमाण हे तीन आकडे पहावे लागतात. यांपैकी तिसरा आकडा सर्वांत महत्त्वाचा होय. अवरक्ताचा आकडा पुष्कळदा ९०० ते १,००० नॅनोमीटर अशा अरुंद पट्ट्यापुरताच मोजलेला असतो, त्यामुळे ‘९०%’ असे लिहिलेले पटल एकूण उष्णतेपैकी निम्मीच अडवीत असणे शक्य असते. दुकानात दिव्यासमोर पटल धरून दाखविलेले प्रात्यक्षिकही दिशाभूल करू शकते. कारण त्या दिव्याचा वर्णपट सूर्याच्या वर्णपटाहून भिन्न असतो आणि शोषलेली उष्णता कालांतराने काचेतून आत येते ही गोष्ट त्यात दिसत नाही. समजा, १०० भाग सौर ऊर्जेपैकी ४० भाग पार गेले, १० भाग परावर्तित झाले व ५० भाग शोषले गेले. शोषलेल्यांपैकी चतुर्थांश आत आल्यास एकूण ५२.५ भाग आत येतात. म्हणजे पटल व काच मिळून फक्त ४७.५% ऊर्जा अडवितात.

पारगमनाचा आकडा केवळ पटलाचा असतो, हेही ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. गाडीची काच मुळातच किंचित हिरवट असते. तिचे पारगमन ७८% असल्यास ७०% पारगमनाचे पटल लावल्यावर दोहोंचे मिळून ते सु. ५५% होते आणि एकत्रित पारगमन ७०% राखण्यासाठी पटलाचे पारगमन सु. ९०% असावे लागते. गडद काचांतून रात्री व पावसात पादचारी आणि दुचाकीस्वार वेळीच दिसत नाहीत, म्हणून पारगमन हा सुरक्षिततेचाच प्रश्न ठरतो.

कायदेशीर स्थिती : भारतात केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील १०० व्या नियमानुसार पुढील व मागील काचेचे पारगमन किमान ७०% आणि बाजूच्या काचांचे किमान ५०% असावे लागते. हे पारगमन मूळ काचेचेच असले पाहिजे, असा अर्थ लावून सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०१२ रोजी दिलेल्या निर्णयाद्वारे ४ मे २०१२ पासून कोणत्याही पारगमनाचे पटल काचेवर चिकटविण्यास मनाई केली. काळ्या काचांच्या गाड्यांचा गुन्ह्यांसाठी होणारा वापर ही त्यामागील पार्श्वभूमी होती. पुढे नियमात दुरुस्ती होऊन १ एप्रिल २०२१ पासून सुरक्षा काचेबरोबरच ‘सेफ्टी ग्लेझिंग’चाही त्यात समावेश झाला. तिच्या आधारे विहित पारगमन राखणारे पटल लावता येते, असा निर्णय केरळ उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये दिला. तथापि सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय विचारात घेता पटल बसविण्यापूर्वी परिवहन कार्यालयाकडे चौकशी करणे इष्ट ठरते. ब्रिटनमध्ये पुढील काचेसाठी ७५% व पुढील बाजूंच्या काचांसाठी ७०% ही किमान मर्यादा आहे.

मर्यादा व निगा : पटलामुळे तापमानवाढ मंदावते, थांबत नाही. त्यामुळे पटल लावलेल्या बंद गाडीतही लहान मूल किंवा पाळीव प्राणी थोडा वेळसुद्धा ठेवणे जिवावर बेतू शकते. पटल धूळरहित जागी साबणाच्या पाण्याने ओल्या केलेल्या काचेवर बसवून रबरी पट्टीने पाणी निपटून काढतात. ते पूर्णपणे वाळेपर्यंत काही दिवस काच खाली करीत नाहीत. अमोनियायुक्त स्वच्छकाने पटल खराब होते. मागील काचेवरील पटल काढताना दव घालविणाऱ्या तापतारा तुटण्याचा संभव असल्याने ते काम जाणकाराकडूनच करून घेणे योग्य असते.