काळ्या कापडाखालील छायाचित्रकार : जुन्या छायाचित्रांच्या वाचनासंबंधी

आजचे नांदेड व लातूर हे जिल्हे ज्या मराठवाड्यात मोडतात, तो प्रदेश १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. निजामाच्या दरबारचे छायाचित्रकार राजा दीनदयाळ (१८४४–१९०५) यांच्या २,८५७ काचेच्या निगेटिव्ह दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने १९८९ मध्ये संपादन केल्या. इतिहासाचे प्राध्यापक अशी छायाचित्रे साधन म्हणून वापरतात. मात्र ती कशी घेतली गेली याकडे फारसे लक्ष दिले जात नाही. छायाचित्रकार डोक्यावरून जे काळे कापड घेत असे, त्यापासून हा विचार सुरू करणे सोयीचे ठरते.

भात्याच्या कॅमेऱ्यात भिंगातून येणारी प्रतिमा मागील बाजूच्या घासलेल्या काचेवर उमटते. ती उलटी, डावी-उजवी बाजू बदललेली आणि अत्यंत फिकी असते. उघड्यावर, विशेषतः मराठवाड्याच्या उन्हात, ती जवळजवळ दिसतच नाही. बाहेरचा प्रकाश अडवून ती पाहता यावी व भिंग पुढे-मागे करून रेखीव करता यावी, एवढ्याचसाठी हे कापड असते. त्यात कोणतेही गूढ नाही. ओल्या कोलोडियन पद्धतीत (१८५१) प्लेट तयार करून ती सुकण्यापूर्वीच धुण्यासाठी अंधारा तंबू बरोबर न्यावा लागे. पुष्कळदा हा तंबू आणि हे कापड एकच समजले जाते. कोरड्या प्लेटा प्रचारात आल्यावर तंबू गेला. कापड मात्र राहिले.

खरा महत्त्वाचा मुद्दा पुढचा आहे. प्रतिमा रेखीव झाल्यावर भिंग झाकून काचेच्या जागी प्लेट बसवली जाई. त्या क्षणापासून छायाचित्रकाराला प्रतिमा दिसणे बंद होई. तो कापडाबाहेर येऊन कॅमेऱ्याशेजारी उभा राही. म्हणजे समोरच्या व्यक्तींना आधी ठरवलेल्या जागी हालचाल न करता थांबावे लागे. जुन्या समूहचित्रांतील ताठ, गंभीर चेहऱ्यांवरून ‘त्या काळी लोक हसतच नसत’ असा निष्कर्ष काढणे म्हणूनच घाईचे ठरते. एखादा पुसट हात किंवा डोके नसलेले कुत्रे त्या थांबण्याचा कालावधी सांगून जाते.

कापडाखालची व्यक्ती समोरच्याला बराच वेळ न्याहाळत असे. पडदानशीन स्त्रियांच्या बाबतीत ही अडचण होती. दीनदयाळ यांनी १८९२ मध्ये हैदराबादेत स्वतंत्र जनाना स्टुडिओ काढला आणि त्याचे काम एका इंग्रज स्त्रीकडे सोपविले.