इंग्रजी शब्दांचे सोबती

मराठी माणूस चित्र काढतो, फोटो काढतो, तिकीट काढतो, बँकेतून पैसे काढतो, पायातली चप्पल काढतो आणि दुसऱ्याच्या चुकाही काढतो. एका क्रियापदावर त्याचे सगळे भागते. इंग्रजीत मात्र चित्रासाठी 'ड्रॉ', फोटोसाठी 'टेक', तिकिटासाठी 'बाय', पैशांसाठी 'विदड्रॉ', चपलेसाठी 'टेक ऑफ' आणि चुकांसाठी 'फाइंड' लागते. उलट इंग्रजीतल्या एकट्या 'टेक'साठी मराठीत फोटो काढावा, औषध घ्यावे, बस पकडावी आणि परीक्षा द्यावी लागते. याला व्याकरणाचा नियम नाही, आहे ती वहिवाट. एकमेकांच्या सोबतीने येणाऱ्या अशा शब्दांना भाषाशास्त्रात 'कोलोकेशन' म्हणतात.

नंदुरबार जिल्ह्यात हा विषय अधिकच रंगतदार होतो. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात २०११च्या जनगणनेनुसार सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. धडगावकडे पावरी, नवापूरकडे मावची, अक्कलकुवा-तळोद्याकडे देहवाली, सपाटीवर अहिराणी आणि गुजरी, शिवाय शेजारच्या राज्यातली गुजराती. भाषा-अभ्यासक ग्रिअर्सनने १९०७ साली भारतीय भाषा सर्वेक्षणाचा एक भाग मुख्यतः भिल्ली बोली आणि खानदेशी यांना दिला, तो उगाच नव्हे. इथल्या अनेक मुलांसाठी मराठी हीच शाळेत शिकलेली भाषा असते. राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आले आणि त्यांच्या वाट्याला तिसरी किंवा चौथी भाषा आली.

अशा वेळी शब्दाला शब्द ठेवून शिकवले की घोटाळा होतो. नंदुरबारच्या बाजारातली तिखट मिरची घ्या. तिखट मिरची इंग्रजीत 'हॉट', पण तिखट जीभ 'शार्प'. जोरदार पाऊस 'हेवी', जोरदार वारा 'स्ट्राँग'. अमुकशी लग्न झाले म्हणून मराठी माणूस सहज 'मॅरीड विथ' म्हणून जातो. रूढ इंग्रजी जोडी आहे 'मॅरीड टू'. शब्दकोशात अर्थ बरोबर सापडतो, तरीही वाक्य बिघडते, कारण शब्दाचा सोबती चुकलेला असतो.

या सोबत्यांचा पद्धतशीर शोध सुरू झाला तो इंग्लंडपासून दूर, जपानमध्ये. टोकियोत इंग्रजी अध्यापनावर संशोधन करणाऱ्या हॅरल्ड पामर यांनी १९३३ साली इंग्रजीतल्या रूढ शब्दजोड्यांवर स्वतंत्र अहवाल काढला. त्यांचे सहकारी ए. एस. हॉर्नबी यांचा विद्यार्थ्यांसाठीचा कोश १९४२मध्ये टोकियोतच छापला गेला. १९४८मध्ये ऑक्सफर्डने तो पुन्हा प्रकाशित केला आणि पुढे तो जगभर पोचला. शब्दाचा अर्थ त्याच्या संगतीवरून कळतो, हा विचार भाषाशास्त्रात रुजवणारे जे. आर. फर्थ हे १९१९ ते १९२८ या काळात लाहोरला पंजाब विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते.

पुढचे काम संगणकाने केले. लाखो शब्दांचा छापील मजकूर यंत्रात भरायचा आणि एखाद्या शब्दाच्या डाव्या-उजव्या बाजूला कोणते शब्द वारंवार येतात ते मोजायचे, अशी ही रीत. 'टी'च्या अलीकडे 'स्ट्राँग' पुन्हा पुन्हा दिसतो, 'पॉवरफुल' जवळपास दिसतच नाही. अर्थ जवळचे असले तरी मान मात्र एकालाच.

या कामात महाराष्ट्राचे नाव मोठे आहे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रा. एस. व्ही. शास्त्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय इंग्रजीचा दहा लाख शब्दांचा संग्रह तयार केला. १९७८ साली छापलेल्या साहित्यातून ५०० उतारे निवडले, प्रत्येक सुमारे २,००० शब्दांचा. त्यात वर्तमानपत्रे आहेत, कथा-कादंबऱ्या आहेत, शास्त्रीय लेखनही आहे. अमेरिकेच्या ब्राउन विद्यापीठातल्या संग्रहाचीही मांडणी अशीच असल्याने दोन्हीकडचे इंग्रजी शेजारी ठेवून तपासता येऊ लागले. १९८६मध्ये पुरा झालेला हा 'कोल्हापूर कॉर्पस' जगभरच्या अभ्यासकांना माहीत आहे. असे संग्रह हाताशी असले की आपल्याकडचे 'गिव्ह ॲन एक्झाम' ही एकट्यादुकट्याची चूक की साऱ्या देशाची वहिवाट, हे अंदाजाने नव्हे, मोजून ठरवता येते. ब्रिटनमध्ये परीक्षेसाठी 'टेक' किंवा 'सिट' चालते. विद्यार्थ्याने आपली आणि तिकडची, दोन्ही वहिवाटी ओळखाव्यात.

शिकायचे कसे? मराठी आपण जशी शिकलो तसेच. काळाकुट्ट, पांढराशुभ्र, हिरवागार हे शब्द कोणी सुटे करून पाठ केले नाहीत. थंडी 'वाजते' आणि घाम 'फुटतो' हे ऐकून ऐकूनच अंगवळणी पडले. धडगावचे जे पोर घरी पावरी बोलून शाळेत ही मराठी आत्मसात करते, त्याला ही कला शिकवावी लागत नाही. इंग्रजीतही तीच वापरायची, एवढेच त्याला सांगावे लागते.

त्यासाठी परिसरातलेच विषय घ्यावेत. सारंगखेड्याच्या घोडेबाजारावर पाच वाक्ये लिहायला सांगा: 'होल्ड अ फेअर', 'राइड अ हॉर्स' आणि घासाघीस करून सौदा ठरला की 'स्ट्राइक अ बार्गेन'. काठीच्या राजवाडी होळीवर लिहिताना 'लाइट अ बॉनफायर', 'बीट अ ड्रम' आपोआप येतील. नाम हाती आले की दोन प्रश्न विचारावेत: याच्याबरोबर कोणते क्रियापद चालते आणि कोणते विशेषण शोभते? 'मिस्टेक' असेल तर 'मेक', 'होमवर्क' असेल तर 'डू', 'फीव्हर' असेल तर 'हाय'.

शिक्षकांना आणि पालकांना एवढेच सांगणे आहे: फळ्यावर आणि वहीत इंग्रजी शब्द कधी एकटा लिहू नका. रोज दहा सुटे शब्द पाठ करून घेण्यापेक्षा तीन जोड्या वाक्यात वापरून घ्या. मुले कमी शब्दांत बरोबर इंग्रजी बोलू लागतील, आणि भीती मोडायला तेवढे पुरते.