शेवंतीला रात्र हवी

नगर तालुक्यातील अकोळनेर फुलशेतीसाठी ओळखले जाते. आसपासच्या अनेक घरांचा दसरा-दिवाळीचा पैसा शेवंतीतूनच येतो.

गेल्या दसऱ्याआधी वर्गातल्या एका मुलीच्या अम्मी शाळेत आल्या. "टीचर, सगळा प्लॉट फुलला, घराजवळच्या दोन ओळी मात्र नुसत्याच वाढताहेत. पोरीच्या वह्या-पुस्तकांचा खर्च यातूनच निघतो." पाने माजली असतील, थोडी खुडून पाहा, असे आम्ही सांगून टाकले. सल्ला चुकीचा होता.

संध्याकाळी शेतावर गेलो, तेव्हा उलगडा झाला. चोरांच्या भीतीने लावलेल्या हॅलोजनचा उजेड रात्रभर त्याच ओळींवर पडत होता.

पावसाळा सरताना रात्र मोठी होऊ लागली की शेवंती कळी धरते. रात्री उजेड पडला, तर मोठी रात्रही तिला छोटीच वाटते. ही रात्र ओळखते ते पान. १९३० च्या दशकात रशियातील शास्त्रज्ञ मिखाईल चैलाख्यान यांनी शेवंतीच्या पानांना मोठी रात्र दिली आणि शेंड्याला जास्त उजेड. तरीही शेंड्याला फुले आली. म्हणजे फुलण्याचा निरोप पानातून शेंड्याकडे जातो. आम्ही तर पानेच खुडायला सांगितली होती!

तुमच्या कुंडीतली शेवंती फुलत नसेल, तर तिला दिवसा भरपूर ऊन द्या आणि ऑगस्टपासून मगरीब ते फजर दिव्यापासून दूर ठेवा. हिरवी पाने तोडू नका. फक्त पिवळी, रोगट काढा.

यंदा त्या घरी हॅलोजनचे तोंड रस्त्याकडे फिरवले. दोन्ही ओळींना कळ्या लागल्या आहेत.