भांडं म्हणजे तुमचं मशीन: स्टील सांभाळा, भांडवल वाचवा



मेस सुरू करायची आहे? टिफिन द्यायचे आहेत? शाळा-कॉलेजजवळ नाश्त्याची गाडी लावायची आहे? की बचत गटातून लग्नकार्याला भांडी भाड्याने द्यायचा विचार आहे? मग गॅस, किराणा, तेल, मजुरी यांचा हिशेब तुम्ही मांडला असेलच. पण भांड्यांच्या देखभालीचा हिशेब कितीजण मांडतात? फार थोडे.

आता एक साधं गणित करू. समजा, मोठं पातेलं ३,००० रुपयांना घेतलं. नीट न सांभाळल्यामुळे ते दोन वर्षांत खराब झालं, तर वर्षाला १,५०० रुपये गेले. तेच आठ वर्षं टिकलं, तर वर्षाला फक्त ३७५ रुपये. म्हणजे एका पातेल्यामागे वर्षाला १,१२५ रुपयांचा फरक. अशी दहा भांडी असतील, तर ११,२५० रुपये! हे पैसे कुठल्याही वहीत दिसत नाहीत, पण खिशातून जातातच. म्हणून आजचा विषय घरगुती वाटला तरी तो धंद्याचाच आहे.

स्टील गंजत का नाही, आणि गंजतं तेव्हा का?

स्टेनलेस स्टील म्हणजे लोखंडात मिसळलेलं क्रोमियम, निदान साडेदहा टक्के. हवेतल्या ऑक्सिजनमुळे या क्रोमियमचा एक पातळ, डोळ्यांना न दिसणारा थर भांड्यावर तयार होतो. हाच थर भांड्याची ढाल. ओरखडा पडला तर हा थर हवेत पुन्हा आपोआप तयार होतो. पण मीठ, ब्लीच आणि तीव्र अ‍ॅसिड या थराला फोडतात. तिथे सुईच्या टोकाएवढे खड्डे पडतात. एकदा खड्डा पडला की घासून जात नाही.

आपल्या जिल्ह्यात हे लक्षात ठेवायला हवं, कारण आपलं जेवणच झणझणीत. नंदुरबारचा मिरची बाजार देशातल्या मोठ्या बाजारांत गणला जातो, धडगावकडे घरोघरी आमचूर होतो. ठेचा, लोणचं, आमचुराची आमटी यांत मीठ आणि आंबट एकत्र येतं. असे पदार्थ स्टीलमध्ये शिजवायला काहीच हरकत नाही, पण रात्रभर ठेवायला आहे. ठेचा-लोणच्यासाठी काचेची किंवा चिनी मातीची बरणी वापरा. आणि एक छोटी सवय लावून घ्या: मीठ थंड पाण्यात टाकू नका. पाणी उकळल्यावर टाकून हलवा, म्हणजे मिठाचे खडे तळाशी बसून राहत नाहीत.

खरेदी करताना

भांड्यावर किंवा बिलावर ३०४ किंवा १८/८ लिहिलंय का, बघा. १८ म्हणजे साधारण १८ टक्के क्रोमियम, ८ म्हणजे ८ टक्के निकेल. २०२ प्रकारात निकेल कमी आणि मँगनीज जास्त असतं. ते स्वस्त पडतं, पण खारट-आंबटाला कमी टिकतं. ताट-वाट्यांना २०२ चालून जाईल, रोज रस्सा शिजणाऱ्या पातेल्यासाठी ३०४ घ्या.

दुकानदार चुंबक लावून दाखवतो, "बघा, चिकटत नाही, एकदम भारी माल!" यावर विसंबू नका. ३०४ आणि २०२, दोन्ही साधारणपणे चुंबकाला चिकटत नाहीत. त्यामुळे चुंबकाने या दोघांतला फरक कळत नाही. त्यापेक्षा आयएसआय चिन्ह बघा. स्टीलच्या भांड्यांवर हे चिन्ह सक्तीचं करण्याचा आदेश केंद्र सरकारने २०२४ मध्ये काढला. त्याचं मानक आहे आयएस १४७५६. आणि पक्कं बिल मागायला लाजू नका.

रोजची धुण्याची पद्धत

१. भांडं गरम असताना त्यावर थंड पाणी ओतू नका. बूड वाकतं, मग शेगडीवर ते डुगडुगतं आणि अन्न एकाच जागी करपतं.

२. आधी खरकटं काढा. मग कोमट पाणी घालून पंधरा-वीस मिनिटं भिजत ठेवा. घासायचे अर्धे श्रम इथेच वाचतात.

३. साबण आणि मऊ घासणी वापरा. स्टीलवर बारीक रेघा दिसतात, त्या रेघांच्या दिशेने घासा. लोखंडी तारेच्या घासणीचे कण भांड्यावर अडकतात आणि तेच गंजतात. आपण मात्र म्हणतो, "स्टीलच गंजलं!" वाळू-मातीनेही घासू नका.

४. भरपूर पाण्याने धुवा, लगेच स्वच्छ सुती कापडाने पुसा आणि जाळीवर पालथं घाला. ओली भांडी एकात एक रचली की डाग आणि वास दोन्ही येतात. पुसायचं कापड रोज धुतलेलंच हवं.

कुठला डाग, कुठला उपाय

*पांढरे ठिपके:* बोअरच्या पाण्यातले क्षार. लिंबाचा रस किंवा व्हिनेगर पाण्यात मिसळून पाच-दहा मिनिटं लावा, मग साबणाने धुवा. पितळेसारखं लिंबू आणि मीठ एकत्र लावून ठेवू नका. स्टीलला ते मीठ नको.

*निळसर-इंद्रधनुषी झाक:* जास्त आचेमुळे येते. भांडं खराब झालेलं नसतं. व्हिनेगरने पुसलं की जाते. पण ती सारखी येत असेल, तर रिकामं भांडं मोठ्या आचेवर जास्त वेळ राहतंय, म्हणजे गॅसही वाया जातोय.

*करपलेलं बूड:* बूड बुडेल एवढं पाणी, त्यात दोन चमचे खाण्याचा सोडा. दहा मिनिटं उकळा, कोमट होऊ द्या, मग लाकडी उलथन्याने खरवडा. खिचडीचं पातेलं असं आरामात निघतं.

*बाहेरचे चिकट पिवळे डाग:* हे जळलेलं तेल. सोड्यात थोडं पाणी घालून लेप करा, अर्धा तास ठेवा, मग घासा.

ब्लीचिंग पावडर आणि संडास धुवायचं अ‍ॅसिड भांड्यांना कधीही लावू नका. ही दोन्ही एकत्र आली तर विषारी क्लोरीन वायू तयार होतो. हे तुमच्या मदतनीस ताईंनाही नीट समजावून सांगा.

भाड्याने भांडी देत असाल तर

गावात लग्न, दशक्रिया, भंडारा असला की मोठी पातेली, घमेली, ताटं लागतात. इथे भांडं हाच तुमचा माल. प्रत्येक भांड्यावर गटाचं नाव कोरून घ्या. कोरलेल्या अक्षरांत मळ बसतो, तो जुन्या टूथब्रशने काढा. देताना आणि परत घेताना मोजणी समोरासमोर करा आणि वहीत सही घ्या. करपलेलं किंवा खरकटं भांडं परत आलं तर साफसफाईचे वेगळे पैसे किती, हे आधीच ठरवून सांगा. नंतर सांगितलं की भांडण होतं, आणि गावात तर उद्याही तोंड दाखवायचं असतं!

सारंगखेड्याच्या यात्रेत स्टॉल लावणाऱ्यांनी एक वेगळी तयारी करावी. गर्दीत पाणी कमी पडतं. म्हणून तीन टब ठेवा: एक भिजवायला, एक साबणाचा, एक स्वच्छ पाण्याचा. स्वच्छ टबातलं पाणी गढूळ दिसलं की लगेच बदला. भांड्यांचे दोन संच असतील तर धुतलेला संच वाळायला वेळ मिळतो.

गिऱ्हाईक काय बघतं?

गिऱ्हाईक तुमचं स्वयंपाकघर बघत नाही, पण ताटाची कड बघतं. तेलकट वाटी हाताला लागली की भाजी कितीही चवदार असो, मनात शंका येते. अन्नसुरक्षेच्या २०११ च्या नियमांतही, परिशिष्ट ४ मध्ये, भांडी-उपकरणं स्वच्छ ठेवण्याची जबाबदारी धंदा करणाऱ्यावरच टाकलेली आहे. छोटा धंदा असला तरी नोंदणी करताना ही अट तुम्हालाही लागू होते.

या आठवड्याचं काम

वहीचं एक पान घ्या. घरात किंवा धंद्यात असलेलं प्रत्येक मोठं भांडं लिहा: कधी घेतलं, किती रुपयांना, आज अवस्था कशी. खड्डे पडलेली, बूड वाकलेली वेगळी काढा. लोखंडी तारेची घासणी काढून टाका, मऊ घासणी आणा. भांडी पालथी घालायला एक जाळी घ्या. खर्च फार नाही, आणि सहा महिन्यांनी तेच पान पुन्हा उघडलं की किती भांडी वाचली, हे तुम्हालाच दिसेल.

धंदा छोटा असो, मशीनची काळजी मोठ्या कारखान्यासारखीच घ्या. भेटू पुढच्या विषयासह!