गाडीचा एसी बंद, म्हणजे कॉम्प्रेसरच गेला असे नव्हे

आपल्या वस्त्यांमध्ये टॅक्सी चालवून संसार ओढणारे बांधव पुष्कळ आहेत. कोणाची स्वतःची गाडी आहे, कोणी दुसऱ्याची गाडी रोजच्या ठरावावर चालवतो. गाडी बहुतेक वेळा जुनी, दोन मालकांच्या हातून आलेली. पूर्वी मुंबईत काळी-पिवळी पद्मिनी होती. तिला एसीचे दुखणे नव्हते, काचा खाली केल्या की भागत असे. ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदलेली शेवटची पद्मिनी २० वर्षे भरली म्हणून ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून उतरली. आता गिऱ्हाईक दार उघडण्याआधीच विचारते, "एसी चालू आहे ना?" एप्रिल-मेच्या उन्हात एसी बंद असला तर भाडे मागच्या गाडीकडे जाते.

एसी बंद पडला की चालक गॅरेजात जातो आणि तेथे त्याला दोनांपैकी एक वाक्य ऐकायला मिळते. "गॅस गेला", नाही तर "कॉम्प्रेसर गेला". पहिल्या वाक्यात दोन-तीन दिवसांची कमाई जाते, दुसऱ्यात महिन्याची. कधी कधी ही वाक्ये खरीही असतात. पण जुन्या गाडीत दोष पुष्कळदा विजेचा निघतो. एखादा फ्यूज, एखादा रिले, वायरीचे एखादे गंजलेले टोक. तो शोधायला मोठी विद्या लागत नाही, क्रम लागतो. मी पेशाने कारकून. हिशेबाच्या वहीत दोन रुपयांचा फरक आला तर आम्ही वही फाडून नवी लिहीत नाही. बेरीज कोठपर्यंत जमते ते पाहत पाहत पुढे सरकतो. एसीतही तेच करायचे. करंट कोठपर्यंत येतो, ते पाहत पुढे सरकायचे.

आधी एसीत वीज कशाला लागते ते समजून घेऊ. गॅस दाबणारा कॉम्प्रेसर या गाड्यांत विजेवर चालत नाही, इंजिनाच्या पट्ट्यावर चालतो. इंजिन चालू आहे तोवर त्याची पुली फिरतच असते. पण पुली फिरली म्हणजे कॉम्प्रेसर फिरला असे नाही. दोहोंच्या मध्ये चुंबकाचा क्लच आहे. त्याच्या कॉइलला बॅटरीचा करंट मिळाला की पुढची लोखंडी चकती 'टक' करून पुलीला चिकटते आणि कॉम्प्रेसर फिरू लागतो. करंट तुटला की चकती सुटते. अमेरिकेत पॅकार्ड कंपनीने १९४० च्या मॉडेलांत पहिल्यांदा कारखान्यातूनच एसी बसवून दिला, तेव्हा हा क्लच नव्हता. एसी नको असेल तर गाडी उभी करून, बॉनेट उघडून, पट्टाच काढून ठेवावा लागे! म्हणजे एक साधी कॉइल केवढे काम वाचवते पाहा.

या कॉइलपर्यंत पोहोचायला करंटला वाटेत बरेच पहारेकरी भेटतात. ब्लोअरचा स्विच, एसीचे बटण, कूलिंग कॉइलवर बर्फ धरू नये म्हणून बसवलेला थर्मोस्टॅट, गॅसचा दाब फार कमी किंवा फार जास्त झाला तर लाइन तोडणारा प्रेशर स्विच, नंतरच्या गाड्यांत इंजिनाचा कॉम्प्युटर, आणि शेवटी रिले. मारुती ८००, जुनी सँट्रो, वॅगन-आर यांत भागांच्या जागा वेगळ्या असतील, पण पद्धत हीच. एकानेही अडवले की क्लच ओढत नाही. अडवतो कोण, एवढाच प्रश्न.

हत्यारे दोनच लागतात. बल्बचा टेस्ट लँप आणि साधा मल्टिमीटर. मीटर असताना लँप कशाला, असे कोणी विचारील. चाळीतल्या नळाचे उदाहरण घ्या. तोटी बंद असताना पाइपात दाब भरपूर वाटतो, पण बादली लावली की धार करंगळीएवढी. वायरीच्या वीस तारांपैकी एकोणीस तुटल्या, एक शिल्लक राहिली, तरी मीटर १२ व्होल्ट दाखवतो, कारण मीटर स्वतः करंट जवळजवळ घेतच नाही. लँप लावला की बल्ब मिणमिणतो आणि वायरीचे खरे बळ कळते. मात्र इंजिनाच्या कॉम्प्युटरच्या किंवा सेन्सरच्या बारीक वायरींना लँप कधीही लावू नये. तेथे मीटरच.

गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक वर. इंजिन चालू करून ब्लोअर दोन नंबरवर ठेवा, एसीचे बटण दाबा आणि कान द्या. 'टक' आवाज आला, पुलीच्या पुढची चकती फिरू लागली, तरीही हवा गार नाही, तर क्लचपर्यंतची वीज आपले काम करते आहे. आवाजच नसेल तर फ्यूजपासून सुरुवात करा. फ्यूज गेला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा नवा घाला. तोही उडाला तर मोठा फ्यूज किंवा तांब्याची तार घालण्याचा उद्योग कोणी करू नये. फ्यूज काही रुपयांचा, गाडी घराच्या भाकरीची. वायर कोठे तरी घासून बॉडीला लागली असेल किंवा क्लचची कॉइलच आतून शॉर्ट असेल. मग रिले. पुष्कळ गाड्यांत हॉर्नचा आणि एसीचा रिले एकाच नंबरचा असतो. नंबर जुळत असेल तर अदलाबदल करून पाहा. पैसा न लागता होणारी ही तपासणी आहे, आणि तीच सर्वांत कमी केली जाते. ब्लोअर फक्त शेवटच्या नंबरवर चालत असेल तर त्याचा रेझिस्टर जळला आहे. ब्लोअर मुळीच चालत नसेल तर आधी तोच दुरुस्त करा. बहुतेक जुन्या गाड्यांत ब्लोअर बंद असताना एसीच्या बटणाला करंट मिळत नाही.

खरी डोकेदुखी चालू-बंद होणाऱ्या एसीची. मागच्या उन्हाळ्यात शेजारचे एक टॅक्सीचालक माझ्याकडे पतपेढीच्या कर्जाचा अर्ज भरून घ्यायला आले. कर्जाचे कारण काय लिहू, असे विचारले तर म्हणाले, "लिहा, कॉम्प्रेसर." त्यांची सँट्रो सकाळची दोन भाडी छान गार ठेवी, बारा वाजले की एसी मरे, संध्याकाळी पुन्हा सुरू. गॅरेजात सांगितले होते, कॉम्प्रेसर बदला. त्यांची भाची आयटीआयला इलेक्ट्रिशियनचा कोर्स झालेली. ती तेथेच बसली होती. म्हणाली, "मामा, कॉम्प्रेसर गेला असता तर तो सकाळी कसा चालला असता?" प्रश्न साधाच होता. गॅरेजात तो कोणी विचारला नव्हता.

तिने गाडी सकाळी तपासलीच नाही. दुपारी, एसी बंद पडल्यावर तपासली, आणि यातच अर्धे काम झाले. जो दोष उन्हात येतो तो उन्हातच सापडतो. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ व्होल्ट होते. कॉम्प्रेसरला करंट देणारी वायर एकच, परतीचा रस्ता बॉडीतून. कॉइलवर प्रत्यक्ष मिळत होते १०.९. म्हणजे २.९ व्होल्ट वाटेत गडप. ते कोठे जातात हे शोधायला तिने मीटरचे एक टोक बॅटरीच्या प्लसवर आणि दुसरे कॉइलच्या वायरीवर धरले. २.३ आले. मग कॉम्प्रेसरच्या अंगावरून बॅटरीच्या मायनसपर्यंत मोजले, ०.६. बेरीज जुळली. ही मोजणी आमच्या ट्रायल बॅलन्ससारखीच, म्हणून मला फार आवडली. चांगल्या जोडावर एवढी गळती होत नाही. अर्थिंगला साधारण ०.२ व्होल्टच्या आत असावी. रिले उपसून पाहिला तर त्याच्या बैठकीतले एक टोक काळे पडलेले आणि सैल. इंजिनाच्या अर्थिंगच्या पट्टीवर हिरवट गंज.

पण मग सकाळी एसी चालत कसा होता? याचे उत्तर तांब्यात आहे. तांबे तापले की करंटला जास्त विरोध करते, दर अंशाला ०.४ टक्क्याच्या आसपास. सकाळी थंड असताना कॉइल ३.६ ओहम होती. इंजिनाच्या धगीने तापल्यावर ४.६ झाली. खराब जोड तसेच होते, तरी सकाळी तिला सुमारे २.९ अँपिअर मिळत आणि चकती कशीबशी ओढली जाई. दुपारी मिळत २.४. फरक दिसायला थोडा, पण चुंबकाची ओढ ढोबळमानाने करंटच्या वर्गाप्रमाणे बदलते. हिशेब करून पाहा, ओढ जवळजवळ तीस टक्क्यांनी उतरते. त्यात चकती वर्षानुवर्षे घासून तिच्यात आणि पुलीत अंतर वाढलेले. ते साधारण अर्धा मिलिमीटर असावे (गाडीगणिक थोडे कमीजास्त), येथे ०.९ निघाले. कमजोर चुंबक आणि लांबची चकती, मग ओढ पोहोचणार कशी?

औषध असे झाले. नवा रिले, बैठकीत नवे टोक, अर्थिंगची पट्टी घासून घट्ट बसवली, आणि चकतीच्या मागची एक पातळ वॉशर काढून अंतर जागेवर आणले. आता तापलेल्या कॉइललाही ३ अँपिअर मिळतात, म्हणजे पूर्वी सकाळी मिळत त्याहूनही जास्त. कॉम्प्रेसर तोच आहे. अर्ज कारणाच्या रकान्यापर्यंत भरलेला होता, तो तसाच राहिला.

आता प्रेशर स्विचविषयी थोडे कडक बोलणे भाग आहे. क्लचला करंट येत नाही असे दिसले की काही जण या स्विचची दोन टोके वायरीने जोडून देतात आणि "झाला चालू" म्हणून गाडी सोडतात. हा अपराध आहे. कॉम्प्रेसरचे तेल गॅसबरोबरच फिरते. गॅस गळून कमी झाला म्हणूनच स्विचने अडवले असेल, तर जबरदस्तीने चालवलेला कॉम्प्रेसर कोरडा फिरून जाम होतो. मग मात्र तो खरोखरच जातो, आणि किरकोळ गळतीचे बिल दहापट होते. म्हणून आधी गेज लावून दाब पाहावा. इंजिन काही तास बंद असेल आणि हवा ३० अंशाची असेल, तर आर-१३४ए गॅसचा दाब १०० पीएसआयच्या आसपास दिसतो. त्यावरून गॅस नेमका किती आहे हे कळत नाही, पण अगदी रिकामी आहे की नाही ते कळते. दाब ठीक असेल तरच तपासणीपुरते क्षणभर टोके जोडून पाहायला हरकत नाही. आणि एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. दर उन्हाळ्यात भरावा लागत असेल तर तो कोठून तरी गळतो आहे. भरण्याआधी गळती शोधायला सांगा.

गाडी पळताना गार आणि सिग्नलला गरम, ही तक्रार बहुधा कंडेन्सरच्या पंख्याची. कंडेन्सरवर तांब्याभर पाणी ओता. थोड्याच वेळात गारवा परतला तर पंखा, त्याचा रिले आणि मोटर पाहा. उलट, तासभर गार राहून मग वारा कमी होत जातो आणि दहा मिनिटे बंद ठेवल्यावर पुन्हा येतो, तर कूलिंग कॉइलवर बर्फ धरतो आहे. थर्मोस्टॅट वेळेवर लाइन तोडत नाही.

बॉनेटखाली हात घालताना ओढणी, सदऱ्याची बाही, गळ्यातली साखळी सांभाळा. पंखा चावी काढल्यावरही अचानक फिरू शकतो. गॅसचे पाइप घरी सोडू नयेत, डोळ्यात गेला तर इजा होते. ते काम गेज आणि मशीन असलेल्या माणसाचे.

गॅरेजात कॉम्प्रेसर बदलायला सांगितला तर दोन प्रश्न विचारा. क्लचच्या वायरीवर किती व्होल्ट येतात? कॉइल किती ओहम आहे? ही उत्तरे बिलाच्या मागे लिहून घ्या आणि काढलेला जुना भाग परत मागा. आणि स्वतःसाठी मीटर घेणार असाल तर दहा अँपिअरपर्यंत मोजणारा घ्या. अँपिअर मोजून झाल्यावर तांबडी वायर आठवणीने पुन्हा व्होल्टच्या भोकात घाला. नाही तर पुढच्या वेळी बॅटरीवर टोके लावताच मीटरचाच फ्यूज उडेल.